तीन शेगड्या आणि वहिनीचे कान

माझ्या दादाने गॅसच्या शेगडीची चारही बटणं उपसून खिशात घातली, त्या दिवसापासून आमच्या घरातला स्वयंपाक संपला.

दादा बस चालवतो. सकाळी ड्यूटीवर जाताना ती काळी, गोल बटणं तो युनिफॉर्मच्या खिशात टाकायचा आणि संध्याकाळी परत आला की त्यातलं एक बसवून अंडी उकडायचा. कधी बटाटे उकडायचा. उकडण्यापलीकडे त्याची मजल नव्हती. मी एका मोठ्या दुकानात शेगड्या, मिक्सर, फ्रिज विकते, म्हणजे दिवसभर लोकांना स्वयंपाक किती सोपा आहे ते पटवते आणि घरी येऊन डबा उघडून बाहेरचं खाते. आम्ही तिघं असे अकरा महिने जेवलो.

तिसरी माझी वहिनी. ती एका औषधांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य आचारी होती. तीनशे माणसांचं जेवण रोज बाराच्या ठोक्याला तयार, आणि मीठ कधी कमी नाही की जास्त नाही. तिथले लोक तिला ‘कॅप्टन’ म्हणायचे. मग तिच्या डोळ्यांमागचा पडदा खराब व्हायला लागला. आधी कडा गेल्या, नळीतून बघावं तसं दिसायचं, मग नळीही बंद झाली. आता तिला उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढंच कळतं. नोकरी सुटली, पण घरचा स्वयंपाक तिने सोडला नाही. पुढचं वर्षभर ती गॅसवर सगळं करायची, आणि खरं सांगायचं तर आम्हाला फरक कळलाही नाही.

फरक कळला तो थंडीतल्या एका सकाळी. मागच्या बर्नरवरचं पातेलं उतरवताना पुढच्या बर्नरवर तिच्या स्वेटरची बाही पेटली. दादा घरात होता म्हणून ओला टॉवेल गुंडाळून त्याने ती विझवली. हातावर तळव्याएवढा भाजल्याचा डाग राहिला. आणि दादाच्या मनात काय राहिलं ते त्या चार बटणांवरून समजा.

वहिनी भांडली नाही. हीच गोष्ट मला जास्त लागली. ज्या बाईने कँटीनच्या मॅनेजरला शिळ्या भाजीवरून सगळ्यांदेखत झापलं होतं, ती खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागली. मी विचारलं की म्हणायची, ‘‘त्यांचं बरोबर आहे गं. घाबरलेत ते.’’

मग एके दिवशी, मी कामावरून आले तर ती दारातच उभी. चेहरा असा, की जणू कोणीतरी तिला एक मोठं गुपित सांगितलंय.

‘‘वन्सं,’’ ती म्हणाली. मला वन्सं म्हणायला लागली की समजायचं, हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. ‘‘तुझ्या दुकानात किती प्रकारच्या शेगड्या आहेत?’’

‘‘तीन. गॅस, विजेची चकतीवाली आणि इंडक्शन.’’

‘‘चालू करून बघता येतात?’’

‘‘दर्शनी काउंटरवर तिन्ही जोडलेल्या आहेत. का?’’

‘‘मला दाखव.’’

दाखव! मी हसले, तीही हसली. आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा ती पोटापासून हसली हे माझ्या लक्षात आलं.

‘‘दादाला काय सांगायचं?’’

‘‘ते मी सांगेन. करून झाल्यावर.’’

दुकानात आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी चिटपाखरूही फिरकत नाही. तसा दिवस बघून मी तिला घेऊन गेले. तिने पिशवीत तिचं जुनं पातेलं घेतलं होतं, तळाशी थोडं चेपलेलं, लग्नाच्या आधीपासूनचं. शिवाय कांदे, अंडी, तेलाची बाटली आणि दुधाची पिशवी.

‘‘अगं, आपण फक्त बघायला चाललोय,’’ मी म्हटलं.

‘‘मी बघणार म्हणजे शिजवूनच बघणार ना?’’

काउंटरवर आमचे फिटरकाका बसले होते. गिऱ्हाइकांच्या घरी शेगड्या जोडून देण्याचं काम ते आमच्या दुकानासाठी तीस वर्षं करताहेत. गॅसवर त्यांचं एवढं प्रेम, की इंडक्शनचं नाव काढलं तरी ते तोंड वाकडं करतात. वहिनीला दिसत नाही हे कळल्यावर ते गडबडून उठले आणि उगाचच मोठ्याने बोलायला लागले.

‘‘या ताई! बसा! ही खुर्ची!’’

‘‘काका, माझे कान शाबूत आहेत,’’ वहिनी म्हणाली. ‘‘उलट आज सगळं काम त्यांनाच करायचंय. मला पहिल्यांदा तिन्हींवरून हात फिरवू दे. थंड आहेत ना?’’

तिने एकेक शेगडी बोटांनी वाचली. गॅसचं जाळं, बर्नर, बटणं. विजेच्या शेगडीची जाड लोखंडी चकती आणि खटखट फिरणारं बटण. मग इंडक्शनची सपाट काच. त्या काचेवरून तिचा हात डावीकडून उजवीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला.

‘‘हिचं तोंड कुठाय?’’

‘‘काचेवरच खुणा आहेत. नुसतं बोट लावायचं,’’ मी म्हटलं, आणि आपण काय बोललो ते मला बोलल्यावर कळलं. ती मात्र म्हणाली, ‘‘आधी पाणी. तिन्हींवर एकदमच. एकेक लिटर.’’

आणि इथेच पहिला घोळ झाला. तिचं लाडकं पातेलं मी इंडक्शनवर ठेवलं, तर शेगडी नुसती टीं टीं करून ओरडत राहिली. काउंटरवर आम्ही एक लोहचुंबक ठेवतो. तो मी पातेल्याच्या बुडाला लावला, तर तो चिकटला नाही.

‘‘अॅल्युमिनियम आहे वहिनी. ज्या भांड्याला चुंबक चिकटत नाही ते या शेगडीला भांडंच वाटत नाही.’’

‘‘अस्सं? नाकावर माशी बसू देत नाही म्हण की!’’ तिने पातेलं मागे घेऊन गॅसवर ठेवलं. ‘‘दे, तुझं एखादं कुलीन भांडं दे.’’

मी इंडक्शनवर चुंबक चिकटणारं स्टीलचं पातेलं ठेवलं, चकतीवर तसंच दुसरं. काकांनी गॅस पेटवला, मी दोन्ही विजेच्या चालू केल्या. वहिनी मधोमध उभी राहिली, डोकं थोडं खाली घालून, कानात प्राण आणून.

मी या शेगड्या हजारदा चालू केल्या असतील. पण पाण्याला आवाज असतो हे मला त्या दिवशी कळलं. वहिनी हलक्या आवाजात सांगत होती, ‘‘हे डावीकडचं अजून झोपलंय… मधलंही… उजवीकडचं कुजबुजायला लागलं बघ. आता मोठ्याने बोलतंय. अगं, एवढ्यात? हे… हे उकळलं!’’

मी घड्याळ बघितलं. इंडक्शनवरचं पाणी पाच मिनिटं पुरी व्हायच्या आत खदखदत होतं. गॅसला नऊ लागली. चकतीला अकरा, आणि तोवर काका जांभया देत होते.

‘‘पाच मिनिटांत!’’ वहिनीने माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठले. ‘‘कँटीनमध्ये ही असती तर मी तीनशे माणसांना साडेअकरालाच जेवायला घातलं असतं!’’

‘‘पाणी काय कोणीही तापवेल,’’ काका म्हणाले. त्यांचा गॅस दुसरा आला होता, ते त्यांना झोंबलं होतं. ‘‘दूध तापवून दाखवा. मंद आचेवर. तिथे गॅसचा हात कोणी धरत नाही.’’

मग तिन्हींवर दूध चढलं. तेवढ्यात आमचे दुकानाचे साहेब केबिनमधून बाहेर आले. साहेब स्वभावाने वाईट नाहीत, पण कुठेही काहीही झालं की आपल्यावर शेकेल या भीतीत ते चोवीस तास असतात. काउंटरवर पांढरी काठी टेकवलेली, तिच्याशेजारी तीन पेटत्या शेगड्या, आणि त्यांच्यामध्ये काळा चष्मा लावलेली बाई! त्यांची पाचावर धारण बसली.

‘‘हे काय चाललंय? यांच्याबरोबर कोण आहे?’’

‘‘मी आहे साहेब. माझी वहिनी.’’

‘‘तू कामावर आहेस! घरचं कोणी जबाबदार माणूस?’’ आणि माझं उत्तर न ऐकताच ते केबिनकडे वळले. कशाला गेले ते मला तेव्हा कळलं नाही.

इकडे दुधाची मजा सुरू झाली होती. मंद आचेवर इंडक्शन सलग चालत नाही. थोडा वेळ चालते, थोडा वेळ थांबते. हे मी पाच वर्षांत कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. वहिनीने ते एका मिनिटात पकडलं. ‘‘ही श्वास घेतेय. गुणगुणते, थांबते, गुणगुणते, थांबते. दूध मध्येच खवळतं, मध्येच गप्प. खिरीला हिच्याशी जरा जुळवून घ्यावं लागेल.’’

‘‘आणि गॅस ऐका!’’ काका फुशारले. ‘‘एकसारखा. रेशमासारखा.’’

खरंच होतं ते. गॅसवरचं दूध कसं शांत, हळूहळू वर येत होतं. वहिनी त्यावर वाकून वास घेत होती. तेवढ्यात कोणीतरी दुकानाचं दार उघडलं. बाहेरची वाऱ्याची झुळूक आत आली.

‘‘गॅस विझला,’’ वहिनी म्हणाली.

‘‘छे!’’ काका वाकले. मग सावकाश सरळ झाले. मंद ठेवलेली ज्योत खरंच विझली होती. आम्हा दोघांच्या चार डोळ्यांना दिसलं नव्हतं ते तिला ऐकू आलं होतं. काकांनी घाईने बटण बंद केलं.

‘‘कमाल आहे ताई तुमची! आता नवीन शेगड्यांमध्ये आपोआप गॅस बंद व्हायची सोय असते म्हणा, पण तुम्हाला तिची गरजच नाही!’’

‘‘आज नाही, काका. आज माझं सगळं लक्ष इकडे आहे. पण सर्दीने नाक बंद असेल, शेजारी मिक्सर चालू असेल, त्या दिवशी?’’

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली.

चकतीने वेगळाच रंग दाखवला. दूध वर यायला लागल्याचं वहिनीने ऐकलं, बटण खटकन बंद केलं, आणि निश्चिंत झाली. पण लोखंडाची ती जाड चकती तापली ती तापलीच. दूध वर येत राहिलं आणि फसकन उतू गेलं. करपल्याचा वास सगळीकडे पसरला. पुसायला म्हणून वहिनीचा हात पुढे गेला आणि मी ओरडले, ‘‘थांब! गरम आहे!’’

तिचा हात वरच्या वर थांबला.

‘‘बंद केली ना?’’

‘‘बंद केली तरी पुष्कळ वेळ तापलेली राहते. गरम आहे तोवर इथे लाल दिवा लागतो.’’

‘‘लाल दिवा,’’ वहिनी म्हणाली. ‘‘वा! माझ्यासाठी खास सोय.’’

एव्हाना दार उघडून आलेलं गिऱ्हाईक आमच्या मागे येऊन उभं होतं. म्हातारे, सडपातळ गृहस्थ, गळ्यात मोजपट्टी. शिंपी होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण ते माझ्याकडे न बघता थेट वहिनीला म्हणाले, ‘‘बाई, मी एकटा राहतो. गॅसची भीती वाटते. मला सगळे ती काचेची घ्या म्हणतात. घेऊ का?’’

साहेबांनी आम्हाला शिकवलंय की गिऱ्हाइकाने ‘घेऊ का’ म्हटलं की मान हलवायची. वहिनीने उलट प्रश्नच सुरू केले. भांडी कसली? मातीची आणि पितळेची, बदलायची नाहीत. रोज काय शिजवता? एकच मोठं भांडं, डाळी, सूप, तासभर रटरटणारं. घाई असते का? घाई कसली, दिवसभर शिवणच चालू असतं. छातीत काही यंत्रबिंत्र बसवलंय का?

‘‘हृदयाचे ठोके चालवणारं बसवलंय ना, मागच्या वर्षी.’’

‘‘मग आधी डॉक्टरांना विचारा, विचारल्याशिवाय इंडक्शन नकोच. आणि तुमच्या भांड्यांना ती तशीही नाही म्हणेल. तुम्ही ही चकतीवाली घ्या. हळू आहे, पण तुमच्यासारखीच निवांत. फक्त बंद केल्यावर अर्धा तास तिच्या वाटेला जायचं नाही. तुम्हाला लाल दिवा दिसतो ना?’’

‘‘दिसतो की!’’

‘‘मग झालं तर.’’

शिंपीबुवा एवढे खूष झाले की खुर्ची ओढून बसलेच. आता पुढे काय होतंय ते बघूनच जाणार म्हणाले.

‘‘आणि माझी इंडक्शन,’’ वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात असा काही आनंद होता! ‘‘आग नाही, ज्योत नाही, पातेलं उचललं की आपोआप गप्प. दे, आता मी स्वतः चालू करते.’’

तिने काचेवर बोट ठेवलं. काही झालं नाही. थोडं सरकवलं. टीं वाजलं. काय चालू झालं? तापमान वाढलं की टायमर लागला? पुन्हा टीं. प्रत्येक खुणेचा आवाज तोच आणि काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. तिने पाच वेळा प्रयत्न केला. सहाव्या वेळी तिने सगळ्यात मोठी आच लावली होती आणि तिला वाटत होतं की बंद केली.

‘‘ही मुकी आहे,’’ ती म्हणाली आणि हात मागे घेतला.

मी म्हटलं, ‘‘आपण खुणांच्या शेजारी काहीतरी चिकटवू. ठिपके लावू…’’

‘‘ठिपका शोधताना बोट दुसऱ्या खुणेला लागलं की? नको. राहू दे.’’

तिची ती खिडकीशी बसलेली मुद्रा परत आली. एवढं जवळ येऊन! शिंपीबुवाही चुकचुकले.

आणि तेव्हा, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, फिटरकाका बोलले. गॅसवाले काका!

‘‘अगं पोरी, मागे गोदामात ते धूड पडलंय ना? फिरत्या बटणाचं?’’

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे इंडक्शनचं एक मॉडेल आलं होतं. जाडजूड, बोजड, समोर मुठीएवढं बटण. एकही खपलं नाही. लोक म्हणायचे, हे काय आजोबांच्या रेडिओसारखं! बाकीचे कंपनीला परत गेले, शेवटचा एक नग गोदामात राहिला होता.

मी अक्षरशः पळाले. खोक्यावर धूळ, त्यावर दुसरी चार खोकी. काकाही मागून आले. आम्ही दोघांनी ते धूड उचलून आणलं, पुसलं, जोडलं. काका म्हणाले, ‘‘याला सोळा अँपियरचा प्लग लागतो हं ताई, घरी वेगळी वायर ओढावी लागेल. ती मी ओढतो.’’ शेगडी चालू होते की नाही याचाच पत्ता नाही आणि हे वायर ओढायला निघाले!

वहिनीने बटण धरलं आणि फिरवलं.

खट्.

तिच्या भुवया वर गेल्या. खट्. खट्. दहा टप्पे. तिने ते शेवटापर्यंत मोजत नेलं आणि मोजत परत आणलं. डावीकडे टोकाला नेलं की ठाम अडायचं, म्हणजे बंद. त्यात शंकेला जागाच नव्हती.

‘‘तवा द्या,’’ ती म्हणाली. ‘‘कांदा चिरायला सुरी द्या. आणि सगळे जरा मागे सरा.’’

ती कॅप्टन होती. आम्ही मागे सरलो.

तिने कांदा कसा चिरला ते सांगायला हवं. बोटांची टोकं आत वळवलेली, सुरी बोटांच्या पेरांना घासून खाली जायची, टक टक टक, आणि एकसारखे तुकडे. शिंपीबुवा म्हणाले, ‘‘कात्री अशी चालली पाहिजे!’’ तिने तव्यात तेल घातलं, चौथ्या टप्प्यावर ठेवलं, कांद्याचा एक तुकडा टाकून आवाज ऐकला, एक टप्पा वाढवला. मग सगळा कांदा पडला आणि दुकानभर असा चर्र आवाज झाला की फ्रिजच्या रांगेतली दोन गिऱ्हाइकंही इकडे वळली.

तेवढ्यात वहिनी न वळताच म्हणाली, ‘‘आलात? उभे राहू नका, बसा. दोनच मिनिटं.’’

मी मागे बघितलं. दादा. युनिफॉर्ममध्ये, धापा टाकत. त्याच्या मागे साहेब. साहेबांनी माझ्या अर्जावरचा दादाचा नंबर शोधून त्याला फोन केला होता, आणि तो जेवणाच्या सुट्टीत धावत आला होता. दादाची चाहूल बुटांवरून लागली म्हणावं की खिशातल्या बटणांच्या खुळखुळाटावरून, पण वहिनीला ती लागली होती.

‘‘तू हिला इथे आणलंस?’’ दादा माझ्यावर कडाडला. ‘‘मला न विचारता? आगीजवळ?’’

‘‘दादा, आग नाहीये.’’

‘‘तवा तापलाय, कांदा तळतोय आणि आग नाहीये?’’

‘‘नाहीये,’’ वहिनी म्हणाली. ‘‘या इकडे. हात द्या.’’

तिने तवा उचलून बाजूच्या लाकडी फळीवर ठेवला. शेगडी टीं टीं करायला लागली आणि काही सेकंदांत आपोआप गप्प झाली. ‘‘आता पाण्याचं पातेलं ठेव गं, गार पाण्याचं,’’ ती मला म्हणाली. मी ते ठेवून शेगडी पुन्हा चालू केली. पाणी लवकरच सळसळायला लागलं. वहिनीने मला ते उचलायला लावलं आणि दादाला म्हणाली, ‘‘तुमचा रुमाल काढा आणि त्या काचेवर टाका. बटण दहावर न्या. हो, तुम्हीच न्या.’’

दादाने माझ्याकडे संशयाने बघितलं. मग रुमाल काढला, काचेवर पसरला, बटण दहावर नेलं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. टीं टीं. मग काहीच नाही. रुमाल तसाच. दादाने बटण मागे आणून परत दहावर नेलं. तिसऱ्यांदाही नेलं. मग त्याने काय करावं? त्याने स्वतःच्या शर्टाची बाही त्या काचेवर टेकवली आणि तसाच वाकून उभा राहिला, घड्याळाकडे बघत. एक मिनिट. दोन मिनिटं. कोणी हसलं नाही.

‘‘पाण्याच्या पातेल्याने काच जरा गरम झालीय, बस्स,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘पण तापलेला तवा? तो चटका देईलच.’’

‘‘देईल की. तापलेला तवा डोळस माणसालाही देतो. तुम्हाला गेल्या आठवड्यात अंड्याच्या पातेल्याने दिला, तेव्हा मी तुमचा स्वयंपाक बंद केला का?’’

आता मात्र शिंपीबुवा फस्सकन हसले, मग काका, मग साहेबसुद्धा. दादाला हसावं की रडावं कळेना. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते वहिनीला कळू नये म्हणून तो गप्प उभा होता, जणू तिला कळत नव्हतंच.

‘‘अहो, कांदा गार होतोय,’’ ती म्हणाली.

तिने तवा परत ठेवला, अंडी फोडली, फेटली, ओतली. कडा सुटल्या तसा फसफसण्याचा आवाज बदलला, त्या आवाजावर तिने ऑम्लेट उलटलं, अगदी मधोमध, एक थेंब बाहेर न सांडता. दुकानात टाळ्या झाल्या. टाळ्या! शेगड्यांच्या काउंटरवर! ऑम्लेटचे सहा तुकडे झाले. साहेबांनी आपल्या वाट्याचा तुकडा खाल्ला, मिटल्या तोंडाने ‘हं’ केलं आणि अजून कांदा उरलाय का विचारलं. माझा जीव तेव्हा कुठे भांड्यात पडला.

दादाने जेवणाच्या सुट्टीनंतर ड्यूटीवर जाण्याआधी खिशातून चारही बटणं काढून वहिनीच्या ओंजळीत ठेवली. तिने त्यातली दोन परत दिली. ‘‘वीज गेली की गॅस लागेलच. तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहा. बाकी वेळ मला शेजारी कुणी नको.’’

ते धूड आमच्या घरी आलं. पुढच्या दोन दिवसांत काकांनी ओट्याजवळ नवीन वायर ओढली, तीही जाताना ‘गॅस तो गॅसच’ असं तीनदा बजावून. मी दुकानातला लोहचुंबक घरी नेला आणि वहिनीने फळीवरच्या सगळ्या भांड्यांची परीक्षा घेतली. चिकटला की ‘पास!’, नाही चिकटला की ‘नापास, पण घरीच राहा!’ असं मोठमोठ्याने चाललं होतं. अकरा भांडी पास झाली.

रविवारी सकाळी तिने आम्हा दोघांना स्वयंपाकघराबाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. मी आणि दादा बाहेर पाटावर बसल्यासारखे ताठ बसलो. आतून खट् खट् ऐकू येत होतं. पाण्याचा आवाज, झाकणाचा आवाज. दादाने हातातलं वर्तमानपत्र उलटं धरलं होतं. मग चर्र झालं. आणि मग वास आला. करपल्याचा. चांगला दाट, काळा वास.

दादा ताडकन उठला. मी त्याचा हात धरला. आतून वहिनीचा आवाज आला, एवढा मोठा की शेजारच्या जिन्यात ऐकू गेला असेल.

‘‘करपला! अहो, करपला! सगळाच्या सगळा कांदा करपला! केवढी जोरात आहे ही भवानी!’’

आम्ही दार उघडलं. ती तव्यासमोर उभी होती, उलथनं हातात, तव्यात कोळसा, आणि ती हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. या घरात तिच्या हातून काही करपून अकरा महिने झाले होते.

‘‘नववा टप्पा कांद्यासाठी नाही,’’ तिने श्वास घेत आम्हाला सांगितलं. ‘‘आता लक्षात राहील. कांदे संपले का?’’

दादाने टोपली बघितली. संपले होते.

‘‘किती आणू?’’ त्याने चप्पल पायात सरकवत विचारलं.

‘‘दोन किलो आणा,’’ ती म्हणाली. ‘‘अजून सहा टप्पे बघायचे राहिलेत.’’